सायकलीचा पाहुणा आणि गावची पाणंद

मार्गशीर्षातील एका सकाळी रेवदंड्यास आमच्या वाडीच्या बेड्यापाशी दोन सायकलस्वार येऊन उभे राहिले. एक तरुण व त्याची पत्नी. भाऊच्या धक्क्यावरून सायकली बोटीत घालून ती दोघे मांडव्यास उतरली होती व अलिबागेस मुक्काम करून आमच्या गावी आली होती. पाणी मागितले, आम्ही शहाळी उतरवून दिली. जाताना त्या मुलाने विचारले, "काका, खाडीकाठाने रोह्याकडे जाणारी एखादी आतली वाट आहे का? मोठ्या सडकेवर मोटारी फार अंगावर येतात."

माझी उमर महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. गावनकाशे, फाळणीबारा, सातबाराचे उतारे यांखेरीज दुसरे फारसे काही वाचले नाही. सबब उत्तर देण्यास मला विचार करावा लागला नाही. "आहे तर! तुकड्यातुकड्याने आहे, पण आहे," असे मी ठासून सांगितले. ती दोघे गेल्यावर मात्र मनास चुटपुट लागली. मी ज्या वाटा सांगितल्या त्या सर्व कागदावरच्या होत्या. त्यांपैकी जमिनीवर किती उरल्या आहेत, हे सेवेत असताना मी कधी पाहिले नव्हते व सेवेतून मोकळा झाल्यावरही पाहिले नव्हते.

पौष लागताच मी माझी जुनी सायकल बाहेर काढली, तिची चाके व ब्रेक दुरुस्त करून घेतले, आणि कुंडलिकेच्या एका काठाने रोह्यास जाऊन दुसऱ्या अंगाने परत यावयाचे असा बेत केला. त्या दोन दिवसांत जे पाहिले त्यावरून आपल्या शेतकरी बंधूंस चार शब्द सांगावेत, म्हणून हा लेख.

साळावचा पूल ओलांडला की उजवीकडची सडक कोर्लईवरून मुरुडास जाते व डावीकडची खाडीच्या दक्षिण काठाने चणेऱ्यावरून रोह्यास जाते. अंतर पस्तीस किलोमीटरांच्या आतबाहेर. मोटारीतून हा प्रवास मी अनेकदा केला होता व दर वेळी मला झोप लागली होती. सायकलीवर झोप लागत नाही. उलट एकेक शेत आपली हकिकत सांगू लागते. कोठे बाहेरकाठा खचून भरतीचे पाणी आत शिरले आहे व दोन वर्षे भात नाही, हे खाचरातील पांढऱ्या फुलीवरून कळते. कोठे उघाडीची फळी कुजली आहे, कोठे खेकड्यांनी बांध पोखरला आहे, हे चाकाच्या वेगाने जाताना सहज दिसते. एका ठिकाणी उतरून मी विचारपूस केली, तेव्हा त्या गृहस्थाने पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून निघालेले भात लावून खाऱ्या खाचरात पीक उभे केल्याचे समजले. पनवेल १, २ व ३ हे वाण खारेपणास दाद देत नाहीत, हे मी कागदोपत्री वाचले होते. परंतु त्याच्या खळ्यावरचा पेंढा हाताने उचलून पाहिला तेव्हा खात्री पटली.

चणेऱ्याच्या बाजूस बिरवाडीचा किल्ला व पलीकडे फणसाडच्या जंगलाचे डोंगर दिसत राहतात. रोह्याजवळ खाडी संपून गोडी नदी लागते. या नदीचे आजचे पाणी बऱ्याच अंशी घाटावरचे आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली सोडले जाते; ते वीजगृह १९२७ पासून चालू आहे. तेच पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते व रोह्याच्या बाजूस उन्हाळी भात पिकविते. ज्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या मागे उभे राहून आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केला, त्यांच्या बुडालेल्या खाचरांवरून येणाऱ्या पाण्यावर आपला भात पिकतो, याचे स्मरण कालव्याच्या काठाने सावकाश जाताना झाल्यावाचून राहात नाही. दुसऱ्या दिवशी अवचितगड उजव्या हातास ठेवून सुडकोली, रामराजवरून चौलास आलो. शेतांत वाल फुलावर होता व संध्याकाळी एका गावी पोपटीचे मडके लागले होते. त्या मंडळींनी अनोळखी असूनही हाताला धरून बसविले.

आता अप्रिय भाग सांगतो. गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने व पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखविलेली असते. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट व पायवाटेची सव्वाआठ फूट धरण्याची वहिवाट आहे. मी टिपून नेलेल्या वाटांपैकी कित्येक वाटा दोन्ही बाजूंच्या बांधांनी खाऊन हातभर उरल्या होत्या. काही ठिकाणी करवंदीची जाळी वाढून त्या बुजल्या होत्या. आणि जेथे जमीन शहरच्या लोकांस विकली गेली होती तेथे तर वाटेच्या तोंडावर चिऱ्याची भिंत, भिंतीस लोखंडी फाटक व फाटकास कुलूप!

अशाच एका भिंतीपाशी मी उतरलो. डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी बाई भिंतीच्या कडेने वळसा घालून येत होती. "आजी, वाट इकडून होती ना?" असे विचारता ती म्हणाली, "व्हती. आता मैलभर फेरा पडतो." गावाचे नाव ऐकताच मला एक जुने प्रकरण आठवले. पुष्कळ वर्षांपूर्वी या वाटेविषयी एक अर्ज आला होता. मी जागेवर गेलो नव्हतो. जमीनवाल्याच्या माणसाने जे सांगितले त्यावरून "सदर वाट वापरात नसल्याचे दिसते" अशी टिपणी माझ्या हाताने लिहून कागद पुढे पाठविला होता. एका ओळीची ती टिपणी लिहिण्यास मला अर्धे मिनिट लागले असेल. त्या बाईस तिचे भाडे रोज मैलभर चालून द्यावे लागत आहे. मी तिला काही सांगितले नाही. सांगण्यास तोंड नव्हते.

या प्रवासाची हकिकत मी माझ्या भाच्यास सांगितली. तो कामानिमित्त काही काळ फ्रान्स देशात होता व तेथील लोआर नदीच्या काठाने त्याने आठवडाभर सायकल चालविली आहे. त्याने तेथील नकाशा माझ्यापुढे पसरला. मला फ्रेंच अक्षर लागत नाही. परंतु नकाशा लागतो. त्या नकाशात नदीच्या दोन्ही काठांस, द्राक्षमळ्यांतून, गावांच्या मागून, केसासारख्या बारीक वाटा जागोजाग दाखविल्या होत्या व भाचा सांगत होता की त्यांतील ज्या ज्या वाटेस तो लागला ती ती वाट जमिनीवर जशीच्या तशी होती. मला त्या देशाचा हेवा वाटला तो एवढ्याच कारणाने.

लोआर ही हजार किलोमीटरांहून थोडी अधिक लांबीची नदी आहे. तिच्या काठाने अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारे नऊशे किलोमीटरांचा सायकलमार्ग आखलेला आहे. या मार्गासाठी सर्वत्र नवी सडक बांधलेली नाही. पुष्कळ ठिकाणी तो शेतातल्या लहान रस्त्यांवरून जातो व कित्येक ठिकाणी पुराच्या पाण्यापासून शेती राखण्याकरिता घातलेल्या मातीच्या बांधांवरून जातो. हे बांध बाराव्या शतकापासून घालीत आले आहेत. आपल्या खाडीकाठी शेतकरी जोळ करून बाहेरकाठा बांधीत व राखीत, त्याच जातीचे ते काम. ज्या बांधाने शेत राखले, त्याच बांधावरून आज पाहुणा येतो. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्या या पाहुण्यास संध्याकाळी निजावयास जागा, जेवण, सायकल ठेवण्यास बंदिस्त पडवी व चाकात भरण्यास हवेचा पंप एवढेच लागते. जे घर एवढी सोय करील त्यास एक ठरावीक खूण दारावर लावण्याचा अधिकार मिळतो. ती खूण पाहून लोक उतरतात, आणि जाताना शेतकऱ्याच्या घरचे बकरीच्या दुधाचे चीज, फळे, मध विकत नेतात. दलाल मध्ये नाही.

ही गोष्ट त्या देशात एका दिवसात झालेली नाही. १९३६ साली तेथे मजुरांस कायद्याने दोन आठवड्यांची पगारी सुटी मिळाली व शहरातील कामकरी लोक सायकलींवर बसून प्रथमच खेड्यांत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडू लागली तेव्हा शेतकऱ्यांच्या रिकाम्या पडवी-माड्या दुरुस्त करून पाहुण्यांस भाड्याने देण्याची चाल निघाली. असे पहिले घर १९५१ मध्ये उघडले व १९५५ मध्ये अशा घरांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. हेतू स्पष्ट होता. शेतकऱ्याने शेती सोडू नये, शेतीस जोड मिळावी. मात्र त्याच सुमारास जमिनींचे एकत्रीकरण झपाट्याने झाले व त्यात जुन्या वाटा व कुंपणे मोठ्या प्रमाणावर नांगरली गेली. ही चूक ध्यानी येऊन १९८३ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यास पायवाटांचा आराखडा करण्याचे काम सोपविण्यात आले. त्या आराखड्यात एकदा नोंदलेली वाट गावास विकावयाची झाल्यास बदली दुसरी वाट द्यावी लागते. म्हणजे वाटा तेथेही मोडल्या होत्या. पण त्या मोडू नयेत असे त्यांनी वेळीच ठरविले.

आमची कुंडलिका लोआरच्या मानाने लहान खरी, तथापि पाहुण्यास दाखविण्याजोगे आमच्यापाशी काही कमी नाही. इ. स. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी चौल बंदरी उतरला व येथील लोकांची राहणी त्याने लिहून ठेवली. त्याचे स्मारक रेवदंड्यास शाळेच्या आवारात आहे. पोर्तुगीजांचा कोट, समोर कोर्लईचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी वस्ती, बेने इस्रायली लोकांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर, चौलचे रामेश्वराचे देऊळ व दत्ताची टेकडी ही सर्व दहा-बारा किलोमीटरांच्या घेऱ्यात आहेत. त्यांच्या मधून नारळी-पोफळींच्या पाखाड्या जातात. भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदा अलिबागेच्या बाजूस कार्ले-खंडाळ्यास पिकतो व त्याच्या माळा सडकेवर टांगलेल्या दिसतात. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी बोट सुरू झाल्याने मुंबईचा सायकलस्वार सकाळी निघून दुपारच्या आत आमच्या दारात येऊ शकतो.

त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. ज्यांच्या वाड्या पडल्या त्यांस मी काय सांगावे? पोफळ नव्याने लावली तर हाती सुपारी येण्यास सहा-सात वर्षे वाट पाहावी लागते. या मधल्या काळात अनेकांनी वाडीचा तुकडा विकला. तुकडा विकून आलेले पैसे दोन लग्नांत संपतात. पाहुण्याचे पैसे थोडे असतात, परंतु तुकडा आपला राहतो. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे व पर्यटन संचालनालयाकडे शेतकऱ्यास आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. तेव्हा हा मार्ग सरकारमान्यही आहे.

यावर काही बंधू आक्षेप घेतील. पहिला आक्षेप असा की, वाट मोकळी केली तर परके लोक शेतात शिरतील, आंबे काढतील, बाटल्या टाकतील. हा धाक अगदीच खोटा नाही. सुटीच्या दिवशी मोटारींतून येणाऱ्या टोळक्यांनी किनाऱ्याची जी दशा केली ती आपण पाहतोच. परंतु सायकलीवरचा मनुष्य आपले ओझे आपल्या पायांनी वाहतो. तो जड सामान आणीत नाही, मोठे वाद्य वाजवीत नाही, आणि भूक लागली की आपल्याच दारी येतो. मोटारवाला शहराहून खाणेपिणे भरून आणतो व आमच्या गावी फक्त केर ठेवून जातो.

दुसरा आक्षेप, वाट झाली की तिच्यामागून दलाल येतो. दलाल वाट नसली तरी येतो. किंबहुना वाट नसलेले शेत तो अधिक स्वस्तात घेतो, हे मी दस्तांच्या किमती लिहून लिहून शिकलो आहे. ज्या शेतास बैल, यंत्र व खताची गाडी पोचत नाही, ते शेत धनी आधी पडीक टाकतो आणि मग विकतो. तिसरा आक्षेप, आम्ही शेतकरी, खानावळवाले नव्हे. हे मला सर्वस्वी मान्य आहे. प्रत्येकाने घर उघडावे असे माझे म्हणणेच नाही. पाहुणा एकही न आला तरी पाणंद पाहिजेच. भाताचा भारा, आजारी मनुष्य, शाळेचे पोर ही सगळी त्याच वाटेने जावयाची आहेत. पाहुणा हा केवळ निमित्त. आपल्याच घरची अडगळ आपणास दिसत नाही, बाहेरचा आला की दिसते, तद्वत या सायकलवाल्यांनी आपल्या वाटांची दशा आपणास दाखविली, एवढेच.

आता उपाय काय करावे ते माझ्या धंद्याच्या माहितीप्रमाणे येणेप्रमाणे सांगतो.

(१) प्रत्येक गावी चार जाणत्या खातेदारांनी गावनकाशाची नक्कल घ्यावी, आणि भात झोडून झाल्यावर एक दिवस त्यातील तुटक रेषांवरून स्वतः चालावे. कोणती वाट मोकळी, कोणती अरुंद व कोणती बंद, हे नकाशावर टिपावे. कारकुनाच्या टिपणीवर विश्वासू नये. कारण मागे सांगितलेच आहे.

(२) अडथळा नवा असेल तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६, याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पुष्कळ चांगली प्रकरणे केवळ मुदत गेल्यामुळे बुडालेली मी पाहिली आहेत. शेतास वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, याच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते.

(३) पाणंद पक्की करण्यासाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना निघाली. शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत करण्याचा शासन निर्णय २०२५ मध्ये झाला आहे. ही नोंद अवश्य करून घ्यावी. जमीन उद्या कोणाच्याही हाती गेली तरी वाट उताऱ्याबरोबर जाईल.

(४) जमीन विकण्याची वेळ कोणावर आलीच, तर खरेदीखतात वहिवाटीच्या वाटेचा उल्लेख स्पष्ट शब्दांनी करावा. शेजाऱ्याची वाट विकण्याचा अधिकार आपणास नाही.

(५) खारबांधावरून वाट नेताना बांधाच्या मातीस व बाहेरच्या तिवरांस धक्का लावू नये. तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली आहे, आणि तसा हुकूम नसता तरी लाटेचा पहिला मार तिवरे खातात हे खाडीकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

(६) ज्यांस पाहुणा ठेवावयाचा आहे त्यांनी नवी इमारत बांधू नये. सारवलेली पडवी, स्वच्छ मोरी व शौचकूप, तांदळाची भाकरी, वालाची उसळ व सोलकढी एवढे पुरे. दर आधी सांगावा व सर्वांस एकच सांगावा.

लेखाच्या शेवटी एक घरगुती गोष्ट सांगणे प्राप्त आहे, नाहीतर हा सर्व उपदेश पोकळ ठरेल. रोह्याहून परत आल्यावर मी आमच्या वाडीचा नकाशा काढून पाखाडीची रुंदी मोजली. ती आठ फुटांच्या जागी सहा फूट भरली. उरलेले दोन फूट आमच्या कुंपणात होते. कुंपण वडिलांनी सारले की आजोबांनी, हे आता कोण सांगणार? माघात मी ते मागे घेतले. त्यात दोन केळी व एक जास्वंद गेली. शेजाऱ्याने विचारले, "भाऊ, कोणी अर्ज केला काय?" मी म्हटले, "अर्ज कोणी केला नाही, म्हणूनच."

म्हातारीच्या वाटेचे काम अद्याप व्हावयाचे आहे. माझी जुनी टिपणी तेथे आडवी येते, आणि ती चुकीची होती असे मी आता सहीनिशी लिहून देणार आहे. त्याचा उपयोग किती होईल ते पुढे दिसेल. परंतु पुढल्या मार्गशीर्षात कोणी सायकलवाला आमच्या बेड्यापाशी उभा राहून आतली वाट विचारील, तेव्हा कोणती वाट मोकळी व कोणती बंद, हे तरी मी त्यास खरे सांगू शकेन. आपापल्या गावी तेवढे खरे सांगता येईल अशी तजवीज वाचक बंधूंनी करावी, ही विनंती.